बंबाच्या पोटात काय असते?



वसंत व्याख्यानमालेत संत, साहित्य, इतिहास आणि राजकारण या विषयांची ये-जा नेहमीची असते. त्यांच्या पंक्तीला आज आगीचा बंब येऊन बसलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. पण आपले घोडेगाव नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. येथे म्हशींचा बाजार भरतो, कांद्याचे लिलाव होतात, उसाच्या ट्रॉल्या जातात, आणि शिवारात विहिरींची गणती नाही. जेथे रस्ता, विहीर आणि यंत्र ही तिन्ही आहेत, तेथे संकट केव्हातरी येणारच. ते आल्यावर माणसाला सोडवण्यासाठी जी गाडी धावत येते, तिच्या पोटात काय असते आणि ते तसेच का असते, हे सांगण्याचा आज माझा विचार आहे.

आपल्या भाषेत ‘बंब’ हा शब्द दोन वस्तूंना लागतो. एक न्हाणीघरातला तांब्याचा बंब, दुसरा आगीचा. पहिल्याच्या पोटात पाणी असते, म्हणून दुसऱ्याच्याही पोटात केवळ पाणीच असावे अशी आपली समजूत होते. ती अर्धीच खरी आहे. आग विझवणाऱ्या गाडीत साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी, ते फेकणारा पंप आणि नळ्यांच्या गुंडाळ्या असतात हे खरे. पण शहराच्या अग्निशमन केंद्रात तिच्या शेजारी दुसरी एक लाल गाडी उभी असते. तिच्यात पुष्कळदा पाण्याचा थेंबही नसतो. तिच्या दोन्ही बाजूंना वर सरकणारी पत्र्याची दारे असतात आणि त्यांच्या आत कप्प्यांवर कप्पे. हिला बचाव गाडी किंवा रेस्क्यू व्हॅन म्हणतात.

पाणी का नाही, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. साडेचार हजार लिटर पाणी म्हणजे साडेचार टन ओझे. ते वाहायचे ठरवले तर अवजारांना जागाही उरत नाही आणि भारही उरत नाही. शहरातले दल म्हणून आपल्या गाड्या वाटून घेते. पहिल्या बंबावर थोडी निवडक अवजारे, बचाव गाडीवर जड अवजारे, उंच इमारतीसाठी शिडीची गाडी, हवेच्या सिलिंडरांसाठी आणखी एक. मुंबईसारख्या शहरात असा स्वतंत्र ताफा असतो. ही वाटणी एका दिवसात झाली नाही. मुंबईचे दल १८८७ पासून शहराच्या पालिकेकडे आहे. तेव्हा त्याचे काम म्हणजे आग. पुढे गिरण्या वाढल्या, चाळी जुन्या झाल्या, लिफ्ट आल्या, मोटारी वाढल्या. घर कोसळले, लिफ्ट अडकली, झाड पडले, नाल्यात कोणी वाहून गेले, एवढेच काय, पतंगाच्या मांज्यात पक्षी अडकला, तरी लोक दलालाच हाक मारू लागले. हाक बदलली तसे गाडीचे पोटही बदलत गेले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या कप्प्यांतील वस्तूंची यादी वाचून दाखवली तर ती एखाद्या हार्डवेअरच्या दुकानासारखी वाटेल. पण त्या यादीमागे एक विचार आहे, आणि तो विचार मोठा कठोर आहे. तो असा की, सोडवायला गेलेला माणूस स्वतः अडकता कामा नये. गाडीतली पहिली वस्तू अडकलेल्यासाठी नसते. ती सोडवणाऱ्याच्या जिवासाठी असते.

हे ऐकायला थोडे रूक्ष वाटते. आपल्या मनावर संस्कार आहे तो उडी घेण्याचा. कोणी बुडताना दिसला की जो मागचापुढचा विचार न करता उडी घेतो तो शूर, आणि जो काठावर उभा राहून दोर शोधतो तो भ्याड, असे आपण नकळत मानतो. या समजुतीची किंमत आपल्याच नेवासे तालुक्याने दिलेली आहे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. वाकडी गावात, बायोगॅसच्या शेणाची स्लरी साठवलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. मग तिसरा. असे एकामागून एक माणसे उतरत गेली आणि पाच जणांचे प्राण गेले. त्यांच्यापैकी कोणीही भ्याड नव्हता, अविचारीही नव्हता. आपले माणूस डोळ्यांसमोर नाहीसे होत असताना थांबणे फार अवघड असते. पण त्याच विहिरीत उतरलेला आणखी एक जण जिवंत बाहेर आला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

मित्रहो, त्या एका दोरात बचाव गाडीचे सारे शास्त्र आहे. पाचांच्या आणि त्या एकाच्या धैर्यात काही फरक नव्हता. फरक होता तो दोराचा. आपण मृतांना दोष देण्यासाठी नव्हे, तर पुढचे मरण टाळण्यासाठी ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

अशा विहिरीत होते काय? शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असे वायू निर्माण होतात. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा एकवीसच्या आसपास असते. बंद खड्ड्यात हे वायू त्याची जागा घेतात. यांतला हायड्रोजन सल्फाइड सर्वांत दगाबाज. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते, आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. आपले जुने लोक विहिरीत कंदील सोडून पाहत. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो हे खरे. पण विषारी वायू त्याने कळत नाही, आणि मिथेन असेल तर तोच कंदील भडका उडवील. म्हणून बायोगॅसच्या खड्ड्यावर कंदील, काडी किंवा विडी यांपैकी काहीही नेऊ नये.

बचाव गाडीत या संकटाला चार वस्तू उत्तर देतात. पहिली, वायू मोजणारे मुठीएवढे यंत्र. ते दोरीने खाली सोडतात. प्राणवायू कमी झाला किंवा विषारी वायू वाढला की ते ओरडते. दुसरी वस्तू म्हणजे हवा खाली ढकलणारा पंखा आणि त्याचा लांब कापडी नळा. तिसरी, पाठीवरचा श्वसनसंच. पुष्कळांना वाटते की त्यात प्राणवायू भरलेला असतो. तसे नाही, त्यात साधी स्वच्छ हवाच असते, पण दाबून भरलेली. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये तीनशे बार दाबाने हवा भरली की तिचे मोजमाप होते सुमारे अठराशे लिटर. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला चाळीस लिटर हवा घेतो असे धरले, तर कागदावर पाऊण तास मिळतो. परतीसाठी राखीव हवा ठेवावी लागते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. हवा कमी झाली की संचाची शिटी आपोआप वाजू लागते. बाहेर एक माणूस पाटी घेऊन उभा असतो. कोण आत गेला, किती वाजता गेला, त्याच्या सिलिंडरमध्ये किती दाब होता, हे तो लिहितो. आतल्याला वेळेचे भान राहत नाही. ते भान बाहेरच्याने ठेवायचे असते.

चौथी वस्तू म्हणजे तीन पायांचे ॲल्युमिनियमचे उभे, त्याला चरकी आणि दोर. मोटेच्या विहिरीवर जसे चाक असे, त्याच जातीची ही वस्तू. उतरणाऱ्याच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पट्टे आवळलेले असतात, आणि तो बेशुद्ध पडला तरी वरचा माणूस चरकी फिरवून त्याला सरळ उभा वर ओढू शकतो. चारही वस्तूंचा हेतू एकच : खाली गेलेल्याला वर आणण्यासाठी दुसऱ्याला खाली उतरावे लागू नये.

आता विहिरीवरून रस्त्यावर येऊ. ट्रकखाली मोटार घुसली आहे, चालकाचे पाय पत्र्यात सापडले आहेत. आपली रीत अशी की, दहा जण मिळून दार ओढतात, कोणी पहार घालतो, कोणी जखमीला काखेत धरून खेचतो. खेचण्याने मोडलेला मणका कायमचा निकामी होऊ शकतो. बचाव गाडीची रीत उलट आहे. ती माणसाला गाडीतून ओढत नाही, गाडीलाच माणसाभोवतून सोलून काढते. प्रथम चाकांना अडसर लावून गाडी स्थिर करतात. मग बॅटरी तोडतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या तर त्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्यांत उच्च दाबाची वीज असते. मग काच, मग दार, लागलेच तर टप.

हे काम करणारे अवजार तेलाच्या दाबावर चालते. एक कात्री, एक जबडा आणि एक लांब होणारा दांडा, असे त्याचे तीन अवतार. मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण दोन-अडीच बार असतो. या अवजारात तेलाचा दाब सातशे बारच्या घरात जातो. अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट याने १९६१ च्या सुमारास शर्यतीच्या मोटारींत अडकणाऱ्या चालकांसाठी याची पहिली आवृत्ती केली. त्यापूर्वी करवती आणि दात्यांच्या चाकाने पत्रा कापत. ठिणग्या उडत आणि सांडलेल्या पेट्रोलची भीती असे. जबड्याला ठिणगी नाही. तो हळूहळू उघडतो आणि पत्रा कागदासारखा मागे सरतो.

ट्रॉली अंगावर उलटली असेल तर आणखी एक गमतीची वस्तू बाहेर येते. रबराची एक जाड उशी, इंच भर जाडीची. दोन फूट लांब, दोन फूट रुंद. ती फटीत सरकवून हवेचा आठ बार दाब दिला की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे आठ किलोचा जोर लागतो. साठ गुणिले साठ म्हणजे छत्तीसशे चौरस सेंटीमीटर. आठाने गुणा, अठ्ठावीस टनांच्या वर जातो. उशी फुगून गोल होते तसा हा जोर कमी होत जातो, पण पहिली काही बोटे उचलायला तो पुरतो. मात्र केवळ उशीवर कोणी विसंबत नाही. ओझे एक बोट उचलले की एक बोट लाकूड खाली सरकवायचे, हा तिचा नियम. म्हणून लक्षावधी रुपयांच्या यंत्रांशेजारी त्याच कप्प्यात सुताराकडच्यासारखे लाकडी ठोकळे आणि पाचरी रचलेल्या असतात. त्यांची किंमत काहीच नाही, पण त्यांच्यावाचून उशी बाहेर काढत नाहीत.

घर कोसळते तेव्हा आणखी वेगळी परीक्षा असते. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा जण दगावले. तेथे ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा अठरा तासांहून अधिक काळाने जिवंत निघाला. अशा जागी मोठे यंत्र घाईने लावले तर ज्याला काढायचे त्याच्यावरच सळया आणि सिमेंट कोसळते. म्हणून गाडीत लांब दांड्यावरचा कॅमेरा असतो, आवाज टिपणारी साधने असतात, काँक्रीट कापणारी हिऱ्याच्या पात्याची करवत असते, आणि लोकांना सांगावयाचा एक नियम असतो : मधूनमधून सर्वांनी पूर्ण शांत राहायचे. यंत्रे बंद, बोलणे बंद. त्या शांततेत आतून आलेली एक थाप ऐकू येते. गर्दी करून ओरडणारे आपण लोक या साधनाला निकामी करतो, हे ध्यानात ठेवावे.

पाण्याच्या बाबतीत जीवरक्षक जाकीट, फेकायचे कडे, तरंगणारा दोर आणि हवा भरायची बोट या वस्तू असतात. येथेही क्रम ठरलेला आहे : आधी हाक, मग काठीने पोहोचता येते का पाहणे, मग दोर फेकणे, मग बोट, आणि सर्वांत शेवटी पाण्यात उतरणे. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील सुगावजवळ, मे २०२४ मध्ये, बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट प्रवरेच्या पात्रात उलटली आणि दलाच्या तीन जवानांना जलसमाधी मिळाली. ते शिकलेले होते आणि साधनांसह आलेले होते, तरीही नदीने त्यांना ओढले. मग अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेणाऱ्याची काय कथा?

यावरून कोणी म्हणेल, साधने असूनही माणसे जातात, तर साधनांचा उपयोग काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस आणि स्फोटके एकत्र होती. दलाचे लोक पाणी मारीत असताना ते फुटले आणि दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत इमारत कोसळली आणि चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि त्यांचे सहकारी सुधीर अमीन त्यांत होते. साधन मरण नाहीसे करीत नाही. ते मरणाची शक्यता कमी करते, आणि त्या कमी झालेल्या शक्यतेत शेकडो माणसे घरी परततात. परतलेल्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब आपल्याला लागत नाही.

गाडीविषयी आणखी एकच गोष्ट सांगतो. तिच्यातील प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. जड वस्तू खालच्या कप्प्यात, म्हणजे वळणावर गाडी कलंडत नाही. श्वसनसंच पुष्कळ ठिकाणी बैठकीच्या पाठीलाच अडकवलेले असतात, म्हणजे पोहोचण्यापूर्वी ते पाठीवर चढतात. पाळी बदलली की नवी तुकडी प्रत्येक दार उघडते, सिलिंडरचा दाब पाहते, यंत्र सुरू करून पाहते, दोर हातातून सोडत त्याचा कीस निघाला आहे का ते चाचपते, आणि वहीत सही करते. अंधारात, धुरात, पावसात हात न शोधता त्या वस्तूवर पडला पाहिजे. जे रोज तपासले जात नाही ते गाडीत नाही, असेच समजावे. गाडी विकत घेणे सोपे असते, कारण त्या दिवशी नारळ फुटतो आणि छायाचित्र निघते. ती रोज तपासणे अवघड, कारण ते कोणी पाहत नाही.

आता आपल्यापुरते बोलू. नगर शहर आपल्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर. आपल्या जिल्ह्यात उसाला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागली तर कित्येकदा साखर कारखान्याचा बंब धावून येतो, ही कृतज्ञतेने सांगण्याची गोष्ट आहे. पण आगीचा बंब आणि बचावाची साधने यांतला भेद आपण पाहिलाच. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी यायची तर ती पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून येणार. तेव्हा पहिला अर्धा-एक तास तरी आपण आणि संकट यांच्यामध्ये कोणी नसते. त्या वेळात गावाने काय करावे?

प्रथम, खाली उतरू नये. १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि जखमीसाठी १०८. कळवताना ‘माणूस पडला’ एवढेच न सांगता विहीर आहे की बायोगॅसचा खड्डा, पाणी किती, खोली किती, रस्ता कोणता, हे सांगावे. त्यावरून कोणती गाडी निघायची ते ठरते. पाण्याच्या विहिरीत पडलेल्याला काठावरून दोर, कासरा, हवा भरलेली ट्यूब, जे असेल ते द्यावे. वायूच्या खड्ड्यात मात्र वरून हवा सोडण्यापलीकडे आणि दोर टाकण्यापलीकडे जाऊ नये. जनावर पडले तर पोटाखाली पातळ दोर न घालता रुंद पट्टा घालावा, नाहीतर त्याच्याच वजनाने दोर रुततो. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागेल अशी भीती पुष्कळांना असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले आणि अशा मदतनिसाला संरक्षण मिळाले. आपले नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर नाही.

दुसरे, ग्रामसभेने ठरवले तर चार गोष्टी सहज होतील. उघड्या विहिरींची आणि बंद पडलेल्या बोअरची यादी. बायोगॅसच्या खड्ड्यांना झाकण आणि वर धोक्याची पाटी. ट्रॉल्यांच्या मागे चकाकणाऱ्या पट्ट्या. आणि सर्वांना ठाऊक असलेल्या जागी एक पेटी, तिच्यात चांगला दोर, अंगाला बांधायचे पट्टे, फेकायचे कडे आणि विजेरी. पेटीची किल्ली कोणाकडे, हेही पेटीवरच लिहावे. आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी.

कर्जत तालुक्यात कोपर्डीला मार्च २०२३ मध्ये ऊसतोडणी मजुराचे पाच वर्षांचे मूल बोअरमध्ये पडले. यंत्रे आली, दल आले, रात्रभर खोदकाम झाले. मूल हाती लागले, पण जिवंत नाही. बोअरला पक्के झाकण लावावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले होते. बचाव गाडीच्या सर्व कप्प्यांतील सर्व यंत्रांची किंमत एका पारड्यात टाका आणि दुसऱ्यात ते झाकण. त्या मुलासाठी झाकणाचे पारडे जड होते.

शहराची गाडी आपल्याला उद्या मिळणार नाही. पण तिच्या पोटातला विचार आजच घेता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत : सोडवायला जाणाराही कोणाचा तरी असतो, म्हणून आधी त्याच्या कमरेला दोर. एवढी एक सवय या शिवारात रुजली, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.